नेमबाजाच्या पुंगळीकडे कोण पाहतं?

मराठी वाचकाला काडतूस भेटतं ते गुन्ह्यांच्या बातम्यांत. ‘गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त’ ही ओळ कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याच्या पानावर असतेच. गोळीबार झाला असेल, तर घटनास्थळी ‘रिकाम्या पुंगळ्या’ सापडतात. जिवंत काडतूस आणि रिकामी पुंगळी या दोन शब्दांच्या मधल्या क्षणात काय घडतं, याकडे बातमी वळत नाही आणि वाचकही वळत नाही.

वळायची एक चांगली संधी १ ऑगस्ट २०२४ला आली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह तिसरा आला. १९५२मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या मातीतलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याची रेल्वेतली तिकीट तपासनिसाची नोकरी, प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांची मेहनत, त्याचा शांत स्वभाव, सगळ्यावर भरभरून लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. राहून गेली ती पितळेची एक वस्तू. प्राथमिक फेरीत गुणांच्या बारांसाठी ती साठ वेळा त्याच्या रायफलीत गेली आणि साठ वेळा रिकामी होऊन बाहेर पडली.

त्या फेरीत त्याला ६००पैकी ५९० गुण होते आणि तो सातवा होता. भारताचाच ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर ५८९ गुणांवर अकरावा राहिला आणि अंतिम फेरी हुकला. एका गुणाचं अंतर.

हा एक गुण किती लहान असतो ते आकड्यांत पाहावं. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मं. तिथे पोचवायची शिशाची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची असते आणि सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या जरा खाली ठेवतात, कारण आवाजाला मागे टाकून निघालेली आणि वाटेत पुन्हा त्याच्या खाली आलेली गोळी हेलकावे खाते. ३३०च्या वेगाने निघालेली गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत साधारण अकरा सेंटिमीटर खाली येते. नेमबाजाने साइट तेवढी जुळवून घेतलेली असते. पण पुढची गोळी ३२०च्या वेगाने निघाली, तर ती आणखी सातेक मिलिमीटर खाली लागते. नेम तोच, श्वास तोच, चाप तसाच हळुवार दाबलेला. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात. तिथे १०.९चा व्हायचा तो बार जेमतेम दहाच्या काठावर येऊन बसतो आणि नेमबाज स्वतःलाच दोष देत राहतो.

वेगातला हा फरक बऱ्याचदा पुंगळीत जन्म घेतो.

‘पॉइंट टू-टू’ची एक रिकामी पुंगळी तळहातावर घेऊन बघावी. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, पातळ पितळेची नळी. तळाशी तिचा काठ बाहेर आलेला असतो, त्याला रिम म्हणतात. हा काठ आतून पोकळ असतो. कारखान्यात ओल्या स्फोटक लेपाचा एक थेंब पुंगळीच्या तळाला टाकतात आणि पुंगळी वेगाने गरगर फिरवतात. लेप बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन काठाच्या पोकळीत भरतो आणि तिथेच सुकतो. त्यावर दारू, त्यावर गोळी. चाप दाबला की रायफलीची पिन काठाच्या एका जागी आपटते, पितळ चेपतं, आतला लेप पेटतो आणि दारूला जाळ लागतो. रिकाम्या पुंगळीच्या काठावर त्या घावाचा खळगा बोटालाही जाणवतो.

म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या या काठावर दोन जबाबदाऱ्या आहेत. लेप त्यानेच सांभाळायचा आणि काडतूस नळीच्या तोंडाशी नेमक्या जागी थोपवूनही त्यानेच धरायचं. काठ किंचित पातळ निघाला, तर काडतूस सैल बसतं. पिनेचा थोडा जोर त्याला पुढे ढकलण्यात जातो आणि घाव कमी पडतो. लेप एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी पसरला, तर पिन कुठे आपटली त्यावर जाळाचा जोर ठरतो. पुंगळीने गोळी कुठे घट्ट, कुठे सैल धरली असेल, तर गोळी सुटेपर्यंत आत साचणारा दाब दर वेळी वेगळा. यातली कुठलीच गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. लक्ष्यावर मात्र ती दिसते.

अचूकता हा शब्द आपण धारदार नजरेशी जोडतो. काडतुसाच्या बाबतीत त्याचा अर्थ सारखेपणा एवढाच आहे. एक काडतूस उत्तम असून भागत नाही, साठच्या साठ एकमेकांची जुळी भावंडं असावी लागतात. म्हणून मोठे नेमबाज ‘कुठली कंपनी’ एवढंच विचारून थांबत नाहीत, ‘कुठला लॉट’, म्हणजे एका वेळी बनलेली कुठली खेप, हेही विचारतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची एली, फिनलंडचं नाव लावणारी आणि .२२ची काडतुसं जर्मनीतल्या श्योनेबेकला बनवणारी लापुआ, जर्मनीचीच आरडब्ल्यूएस, या कंपन्यांकडे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. तिथे रायफल पकडीत घट्ट आवळतात. माणसाचा हात मध्ये येतच नाही. मग एकेका लॉटची काडतुसं झाडून लक्ष्यावरचा पुंजका मोजतात. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट. एकाचा पुंजका दहाच्या वर्तुळात मावतो, दुसऱ्याचा पसरतो. शेजाऱ्याच्या रायफलीत हेच उलटंही होऊ शकतं. जो लॉट जुळला, त्याची हजारो काडतुसं एकदम विकत घेऊन मोसमभर पुरवून वापरतात.

सारखेपणाची ही ओढ धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातूनही वाचता येते. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ मुळात १५४९मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली गेली. पुढे ती याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२मध्ये विजापूरला गेली. सिंहाच्या जबड्याचं तोंड असलेल्या त्या पंचावन्न टनांच्या धुडाला पुंगळी नव्हती. दारू वेगळी मापायची, ठासायची, गोळा वेगळा सरकवायचा आणि कानाला बत्ती द्यायची. मापणारा हात बदलला की बार बदलला. गोळा आणि नळीच्या मधल्या फटीतून वाया जाणारा वायू प्रत्येक वेळी निराळा. किल्ल्याच्या भिंतीवर मारा करायला ते चालत होतं.

माणसाच्या हातातल्या बंदुकीत दारू आणि गोळी एकत्र बांधली गेली ती आधी कागदात. १८५७च्या उठावाला निमित्त ठरलेलं चरबीचं काडतूस ते हेच. कागद दारूचं माप सारखं ठेवायचा, पण दाब रोखणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम पितळेने केलं. बार उडाला की पितळेची पुंगळी क्षणभर फुगते, नळीच्या भिंतीला चिकटते, मागची वाट बंद करते आणि दाब ओसरताच किंचित आकसून सुटी होते. हे फुगणं-आकसणं ज्याला जमलं, त्याला आधुनिक काडतूस जमलं. ब्रिटिशांनाही ते सहज जमलं नाही. मार्टिनी-हेन्री रायफलीची सुरुवातीची काडतुसं पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली होती. सुदानच्या वाळूत ती रायफलीतच फाटून अडकू लागली, तेव्हा सलग ओढलेल्या पितळेची पुंगळी आली.

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने धाराशिव जिल्ह्यातल्याच नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि हैदराबाद संस्थानावरची कारवाई सुरू झाली. त्या काळात जवानाची रायफल होती ‘थ्री-नॉट-थ्री’. तिची पुंगळी हा काडतुसाच्या घडणीतला एक वेगळा धडा आहे. रुंद रिम, खाली जाड आणि वर निमुळतं होत जाणारं अंग, उतरत्या खांद्याची मान. आत बारूदीच्या भुकटीऐवजी कॉर्डाइटच्या शेवयांसारख्या काड्या. त्या काड्यांची जुडी आधी भरायची आणि मग पुंगळीची मान आवळायची. निमुळत्या अंगामुळे काडतूस चिखलात, धुळीतही सरकन आत जायचं आणि झटकन बाहेर यायचं. बसायला जागाही ऐसपैस ठेवलेली होती. जवानाचा जीव रायफल न अडकण्यावर अवलंबून असतो, म्हणून ही घडण बरोबरच होती. पण ऐसपैस जागेत काडतूस दर वेळी अगदी त्याच जागी, तसंच सरळ बसत नाही. स्पर्धेच्या अचूकतेतलं थोडं देऊन युद्धातला भरवसा घेतलेला होता. ‘थ्री-नॉट-थ्री’ला जुनाट म्हणून हिणवणारे ही देवाणघेवाण विसरतात.

स्पर्धेच्या जगाने नेमका उलटा सौदा केला. १९७०च्या दशकात अमेरिकेत लुई पाल्मिसानो हे शल्यविशारद आणि फेरिस पिंडेल हे कारागीर यांनी मिळून पीपीसी नावाचं काडतूस घडवलं. टेबलावर रायफल टेकवून केवळ पुंजक्याचा आकार मोजणाऱ्या बेंचरेस्ट स्पर्धांमध्ये त्याने पुढची कित्येक वर्षं राज्य केलं. त्याचं मूळ, .२२० रशियन या काडतुसाच्या वाटेने, थेट एके-४७च्या काडतुसापर्यंत जातं. बदल केले ते असे : अंग कमी निमुळतं, खांदा तीस अंशांचा आणि चढा, पुंगळी आखूड पण रुंद, दारू पेटवणारी तळातली टोपी लहान आणि टोपीतून दारूकडे जाळ जाणारं भोकही लहान. आखूड-रुंद आकारात दारू जास्त एकसारखी पेटते, असं मानणारे पुष्कळ आहेत. आकाराला एवढं श्रेय देताना मात्र थांबून विचार करावा लागतो. पीपीसीला सुरुवातीपासून फार उत्तम प्रतीच्या पुंगळ्या मिळाल्या आणि ती वापरणारे लोक प्रत्येक पुंगळीची मान तासून, वजन करून, भोक तपासून घेणारे होते. आकाराने मदत केली असेलच. जिंकून दिलं ते या लोकांच्या काटेकोर हातांनी.

कारण पुंगळीचं खरं नशीब कारखान्यात लिहिलं जातं. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. या पितळेची आधी वाटी करतात, मग ती दट्ट्याने टप्प्याटप्प्याने लांब ओढत जातात. दट्ट्या केसभर बाजूला सरकला, की भिंत एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. बार उडाल्यावर पातळ बाजू जास्त ताणली जाते आणि पुंगळी केळ्यासारखी किंचित वाकते. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होत जातं, म्हणून मध्ये-मध्ये तापवून नरम करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकताना कारागीर तो पुन्हा भट्टीत का घालतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. सैन्याच्या काडतुसाच्या मानेपाशी जो निळसर-तपकिरी झाक असलेला पट्टा दिसतो, तो त्या शेवटच्या तापवण्याची खूण आहे. तळ कडक हवा, मान नरम हवी. मान कडक राहिली, तर गोळीवरची पकड एकसारखी राहत नाही.

याचा सगळ्यात मोठा धडा हिंदुस्थानातल्याच पावसाळ्याने दिला. ब्रिटिश काळात पावसाळाभर घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली काडतुसं नंतर बाहेर काढली, तर पुंगळ्यांना तडे गेलेले. गोळी भरून मान आवळलेली असते तिथेच ते तडे होते. दर पावसाळ्यात होतं म्हणून या रोगाला ऋतूचंच नाव पडलं. १९२१मध्ये कारण सप्रमाण मांडलं गेलं : घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळेत कोंडून राहिलेला ताण. उपाय साधा होता, पुंगळी हलकी तापवून तो ताण काढून टाकायचा. धातुशास्त्राच्या पुस्तकांत आजही हे उदाहरण देतात, पण ते आपल्या पागांमधलं आहे हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितलं जातं.

हे सगळं परक्या मुलखातलं ज्ञान आहे, असंही नाही. पुण्याजवळ खडकीला १८६९पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४पासून रायफलीची काडतुसं बनतात. दारू भंडाऱ्याच्या कारखान्यात तयार होते. संशोधनासाठी पाषाणला एआरडीई ही संस्था आहे. २०२१मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ज्या कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालयही पुण्यात आहे. पितळ ओढण्यात पिढ्या घालवलेले कामगार या राज्यात आहेत. इथूनच अंजली भागवत, सुमा शिरूर, राही सरनोबत या नेमबाज आल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये ६००पैकी ५९७ गुण करून जगज्जेतेपद आणलं. तरीही देशातला अव्वल रायफल नेमबाज मोठ्या स्पर्धेला परदेशी काडतूस भरून उभा राहतो. त्यात नेमबाजाचं काही चुकत नाही. सैन्यासाठी लाखोंनी बनणाऱ्या काडतुसाची कसोटी वेगळी असते आणि दशांशाच्या खेळाची वेगळी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. नवशिक्याचा हातच इतका हलतो, की काडतुसातला फरक त्यात बुडून जातो. मग महागडी काडतुसं त्याला कशाला? तो प्रश्न एअर रायफलपुरता ठीक आहे. तिथे पुंगळीच नसते, हवेचा दाब आणि शिशाचा छर्रा. जिल्ह्याच्या गावातलं मूल नेमबाजी सुरू करतं ती बहुधा तिथेच, दहा मीटरच्या हॉलमध्ये. अडतं ते पुढच्या पायरीला. .२२साठी शस्त्र परवाना लागतो, पन्नास मीटरची मोकळी रेंज लागते आणि वर्षाला हजारो काडतुसं लागतात. त्यातलं प्रत्येक काडतूस एकदाच वापरायचं. रिमफायर पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

आणि याच पायरीवर खराब काडतूस सगळ्यात जास्त नुकसान करतं. कसलेला नेमबाज बार वाकडा गेला, तर तो आपला की काडतुसाचा हे ओळखतो. त्याला आपला चाप कसा सुटला ते आठवतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते कळत नाही. आठची गोळी बघून तो खांदा बदलतो, श्वास बदलतो, पट्टा आवळतो. चूक काडतुसाची आणि बदल मात्र मुलाच्या अंगात रुजतो. त्याच्या मागे बसलेल्या प्रशिक्षकालाही खात्रीने काही सांगता येत नाही. सरावाचं काडतूस स्वस्त असो, साधं असो, पण ते खोटं बोलणारं नसावं.

मराठवाड्याच्या उन्हाचीही यात भर पडते. एप्रिल-मेमध्ये धाराशिवला पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या शेडखाली उघड्या डब्यात ठेवलेली काडतुसं तापतात आणि तापलेली दारू जास्त जोराने जळते. सकाळी जुळवलेली साइट दुपारी गोळी वर लावते. गरम नळीत भरून ठेवलेलं काडतूस तर आणखी तापतं. डबा सावलीत, ओल्या फडक्यात ठेवावा, बार द्यायचा तेव्हाच काडतूस भरावं, हे सांगायला पैसे लागत नाहीत. पण ते सांगणारा माणूस लागतो.

राज्य सरकारने पदकविजेत्यांना बक्षिसं द्यावीत, जरूर द्यावीत. पण त्या रकमेच्या एका छोट्या हिश्श्यात एक नेमकी गोष्ट उभी राहू शकते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे. तिथे एक लॉट चाचणीची खोली असावी : रायफल आवळायची पकड, पन्नास मीटरची बंदिस्त गल्ली, वेग मोजायचं यंत्र आणि काठाची जाडी मोजायचे गेज. आलेल्या प्रत्येक लॉटचा कागद तिथे भिंतीवर लागावा, देशी असो की परदेशी. कारखान्यांनाही तो दिसावा. पुंजका कुठे पसरतो आणि वेग किती डगमगतो हे दर महिन्याला समोर आलं, तर वरणगावच्या किंवा खडकीच्या कामगाराला सुधारायला काहीतरी हातात मिळेल. स्पर्धेच्या दर्जाचं देशी काडतूस एका घोषणेने तयार होणार नाही. ते असल्या कंटाळवाण्या मोजमापांतूनच होईल आणि त्याला काही वर्षं लागतील.

एनसीसीत .२२ झाडलेल्या प्रत्येकाला रेंजवरचा शेवटचा सोपस्कार आठवतो. पाच गोळ्या झाल्या, की चटईभोवतीच्या पाचही पुंगळ्या शोधून मोजून द्यायच्या. एक कमी पडली, तरी हवालदार कुणाला हलू देत नाही, गवतात वाकून शोधायला लावतो. मोजून झाल्या की त्या पोत्यात जातात. धाराशिवहून रात्रीच्या एसटीने निघून पहाटे पुण्यात उतरलेल्या एखाद्या पोराने आपल्या पाच पुंगळ्या पोत्यात टाकण्याआधी बालेवाडीच्या त्या खोलीतल्या गेजमध्ये घालून पाहाव्यात. काठावरचे पाच खळगे शेजारी शेजारी ठेवून बघावेत आणि आपला तिसरा बार खाली का गेला ते प्रशिक्षकाला विचारावं.